रहस्यकथेतील हिशेबाची वही

कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्याने रहस्यकथांवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु आमची शाळा लवकर सुटली. वाचनाची गोडी लावली ती बाबूराव अर्नाळकरांनी. पुढे शब्दकोश जवळ ठेवून आम्ही इंग्रजी वाचू लागलो, तेव्हा सारा पॅरेट्स्की या अमेरिकन लेखिकेची मालिका हाती आली.

तिची नायिका व्ही. आय. वॉरशॉव्स्की ही शिकागोतील खाजगी गुप्तहेर. बाप पोलिश वंशाचा पोलीस, आई इटलीहून आलेली, बालपण पोलादाच्या कारखान्यांशेजारी गेलेले. १९८२ साली पहिली कादंबरी निघाली; आज मालिकेने विसाचा आकडा ओलांडला आहे. ही बाई खुनापासून निघते आणि कागदापाशी पोहोचते, हे तिचे वैशिष्ट्य. लेखिका स्वतः विमा कंपनीत नोकरीला होती. कागद कसा खोटे बोलतो हे तिला ठाऊक आहे.

'ब्लड शॉट' (१९८८) घ्या. शेजारची एक बाई मूत्रपिंडाच्या विकाराने मरणपंथाला लागली आहे. तिने रसायनाच्या कारखान्यात काम केलेले. कंपनीने कामगारांचे रक्त तपासले होते, पण निष्कर्ष त्यांना कधी कळू दिला नाही. डॉक्टरच्या वह्या सापडतात आणि गुन्हा उघड होतो.

मालिका क्रमाने वाचली म्हणजे एका वस्तीचा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो. दक्षिण शिकागोतील 'साउथ वर्क्स' हा अवाढव्य पोलाद कारखाना १९९२ साली बंद पडला. 'फायर सेल'मध्ये (२००५) नायिका आपल्या जुन्या शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते, तेव्हा त्या वस्तीतील माणसे एका बड्या दुकानसाखळीत तुटपुंज्या पगारावर राबत असतात.

परंतु आम्हांला खरा चटका लावला तो पहिल्या कादंबरीने. तीत विमा कंपनीचा अधिकारी आणि कामगार संघटनेचा पुढारी संगनमताने नुकसानभरपाईचे खोटे दावे करून पैसा लाटतात. आरोपीच्या पिंजऱ्यात आमचाच धंदा! रागाने आम्ही पुस्तक मिटले. मग आठवले : एका वर्षी वर्गणीचा हिशेब मागणाऱ्या एका फिटरला आम्ही भरसभेत खाली बसविले होते. हिशेब चोख होता. पण त्याचा प्रश्नही चोख होता.

तेव्हापासून जमाखर्चाची वही आम्ही सभेत सर्वांपुढे उघडी ठेवतो. तो फिटर निवृत्त होऊन गावी गेला. त्याची क्षमा मागायची मात्र राहूनच गेली.