सायकलस्वाराने वजने का उचलावीत?

गोव्याहून परतताना चोर्ला घाटाच्या चढणीवर माझे पाय हटकून जड होत. छाती शाबूत, श्वास शाबूत; मांड्याच तेवढ्या संप पुकारीत. उपाय म्हणून मी आणखी सायकल चालवीत असे. उपाशी मुलाला अधिक खेळवून त्याचे वजन वाढत नाही, हे बालरोगतज्ज्ञाला तरी कळायला हवे होते!

पन्नाशीनंतरच्या डेक्सा तपासणीत कण्याची अस्थिघनता कमी आढळली, तेव्हा डोळे उघडले. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट वाहते; हाडांना बळकटीचे निमित्तच मिळत नाही.

नॉर्वेतील बेंट रोन्नेस्टाड व सहकाऱ्यांनी मुरलेल्या सायकलपटूंकडून १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा जड वजनांचा व्यायाम करवून घेतला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, १८५ मिनिटे सायकल चालवल्यानंतरच्या ५ मिनिटांच्या निकराच्या प्रयत्नात त्यांची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. स्नायूची कमाल ताकद वाढली, की प्रत्येक पेडलला तिचा लहानसा अंश पुरतो आणि लवकर थकणारे तंतू उशिरा कामाला लागतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आता ओपीडीपूर्वी आठवड्यातून दोनदा मी स्क्वॅट व लेग प्रेस करतो; चार ते दहा आवर्तनांत दमछाक व्हावी इतके वजन, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती. आरंभीचे काही आठवडे मात्र हलक्या वजनावर पद्धत शिकण्यातच घालवावेत, आणि रक्तदाब आधी तपासून घ्यावा. (स्वतःचा रक्तदाब मोजण्यास आपणा डॉक्टरांना सवड नसते, हे मी जाणतो.)

गेल्या हिवाळ्यात पुन्हा चोर्ला चढलो. कणकुंबीला चहा घेतला, तेव्हा पायांत जांबोटीपर्यंतचे बळ शिल्लक होते.