लग्नपत्रिका, कालनिर्णय आणि मैद्याची खळ

भाद्रपदाचा कृष्णपक्ष लागला की माळव्यातल्या मुली संध्याकाळी भिंतीवर संजा मांडतात. शेणाने सारवलेला चौकोन, त्यावर शेणाच्याच बारीक वळ्यांनी काढलेल्या आकृत्या, आणि त्या ओल्या असतानाच त्यांवर दाबून बसवलेल्या फुलांच्या पाकळ्या. वरच्या बाजूला सूर्य-चंद्र रोज हवेतच. बाकीची मांडणी तिथीप्रमाणे बदलते. सप्तमीला सातिया, म्हणजे आपलं स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी, आणि शेवटी शेवटी सगळं गाव एका तटबंदीत मावणारा मोठा किलाकोट. पाकळ्या पुरल्या नाहीत की चमकदार रंगीत पन्नी कापून लावतात. आता बाजारात छापील कागदी संजा तयार मिळते, तीच भिंतीला चिकटवून गाणी म्हणणारी घरंही आहेत. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्या पंधरवड्यात मुलींच्या बोटांना जे कळायचं ते त्या तयार कागदातून कळत नाही. कोणता तुकडा कुठे बसेल, कोणत्या रंगाशेजारी कोणता उठून दिसेल, ओलं किती असताना पाकळी धरते, हे सगळं त्यांना वहीपाटीशिवाय यायचं.

असे तुकडे चिकटवून चित्र करणं म्हणजेच कोलाज. त्याचा इतिहास सांगताना पुस्तकं १९१२ साल सांगतात. त्या वर्षी पिकासोने वेताच्या विणीचं छापील मेणकापड एका चित्रात चिकटवलं आणि काही महिन्यांनी ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून आपल्या चित्रात लावला. युरोपातल्या चित्रकलेत ती मोठी उलथापालथ होती, यात शंका नाही. पण कागद कापून, जुळवून चित्र करण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. मुघलांच्या चित्रसंग्रहांत एका पानावर कुठलं चित्र, कुठली सुलेखनाची ओळ आणि कुठलीशी हाशियाची पट्टी एकत्र जुळवून डकवलेली असे. विजापूरला सतराव्या शतकात अबरी कागदाच्या लाटालाटांच्या नक्षीतून घोडे आणि माणसं घडवली गेली. तोच नक्षीचा कागद आपण जुन्या बांधणीच्या वह्यांच्या आतल्या बाजूला पाहिलेला असतो.

मी भोपाळची. १९५६ साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून कितीतरी मराठी कुटुंबं सरकारी नोकरीच्या पाठोपाठ इथे येऊन टी. टी. नगरच्या क्वार्टरांत राहिली. माझे सासरे त्यांपैकीच. त्यांच्या ट्रंकेत कोऱ्या फुलस्केपच्या दस्त्यांबरोबर टिपणीचे हिरवट कागदही होते. ते कागद आजही माझ्या सगळ्यात आवडत्या साहित्यात मोडतात, कारण तसा मंद, थकलेला हिरवा रंग दुकानातल्या कुठल्याच कार्डशीटमध्ये मिळत नाही. मोठ्या तलावाच्या पलीकडच्या काठावरची झाडी दुपारी नेमकी तशी दिसते.

शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती शेजारच्या बायका आणि मुलं कोलाज करायला जमतात. मराठी मुलं मला आजी म्हणतात, हिंदी बोलणारी नानी म्हणतात. नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “सामान काय आणू?” आजकाल हस्तकलेच्या संचांचे खोके मिळतात. आत कापलेले आकार, चिकटणारे मणी, कुठे काय लावायचं याचा नकाशा. मी ते आणू देत नाही. मी सांगते, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणा, गेल्या वर्षीचं कालनिर्णय आणा, साडीचा खोका आणा आणि रिकाम्या हाताने बसा. पहिला तास फक्त कागद हाताळण्यात जातो.

ही रीत मी विष्णू चिंचाळकरांच्या कामावरून घेतली. इंदूरचे चिंचाळकर गुरुजी (१९१७–२०००) हे देवळालीकर मास्तरांचे विद्यार्थी, म्हणजे चित्रकार बेंद्रे आणि हुसेन ज्या हाताखाली शिकले त्याच हाताखालचे. गायक कुमार गंधर्व आणि पत्रकार राहुल बारपुते यांच्या मैत्रीतला हा माणूस. रंग-ब्रशची उत्तम तालीम असूनही ते वाळकी पानं, काटक्या, बिया आणि कागदाचे कपटे यांच्यात चित्र शोधत बसले. वस्तू आहे तशी समोर ठेवायची, फिरवून फिरवून बघायची आणि तिच्यात जे दिसतंय त्याला कमीत कमी हात लावून वर आणायचं, असं त्यांचं काम मला दिसतं. आधी चित्र ठरवून मग त्याच्यासाठी कागद कापायला बसलं की मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. कागदापासून सुरुवात केली की उठत नाहीत. आमच्याकडची एक सात-आठ वर्षांची मुलगी पत्रिकेवरच्या सोनेरी गणपतीची सोंड उलटी धरून बराच वेळ बघत होती आणि मग म्हणाली, “नानी, ये तो बगुला है।” खरंच तलावाकाठचा बगळा होता तो. तिने त्याला फक्त दोन पाय दिले.

कागद ओळखायचा म्हणजे काय, ते जरा नीट सांगते, कारण घरी केलेलं काम फसतं ते बहुतेक इथेच.

यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात तंतू एका दिशेला लोळलेले असतात. वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा, सरळ फाटतं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. वरून खाली ही त्याची तंतूंची दिशा. ओला झाला की कागद तंतूंच्या आडव्या बाजूने जास्त फुगतो आणि वाळताना तेवढाच आक्रसतो. म्हणून खालचा पुठ्ठा आणि वरचा मोठा कागद यांच्या तंतूंची दिशा एकच ठेवावी. तरीही चित्र वाळल्यावर पुठ्ठा पापडासारखा वळतो, कारण वरचे थर त्याला एका बाजूने ओढत असतात. उपाय सोपा आहे. पाठीमागेही तशाच जाडीचा एक कागद, तेवढीच खळ लावून डकवायचा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सपाट राहतो. बुकबाइंडर हे पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा असतो. त्यात लिग्निन राहिलेलं असतं आणि उजेड-हवा लागली की ते पिवळं पडतं. उन्हाच्या खिडकीत ठेवलं तर हा बदल डोळ्यांदेखत होतो. जुनेपणाचा रंग हवा असेल तिथे हे चांगलंच, पण मथळ्यातलं अक्षर टिकवायचं असेल तर त्याची झेरॉक्स काढून ती वापरा. झेरॉक्सची काळी पूड पाण्याने पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पसरते, म्हणून कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून आधी बघून घ्यावं. पतंगी कागदाचा रंग तर खळीचा थेंब लागताच सुटतो. मी तो मुद्दाम सोडते. लाल पतंगी कागद ओल्या पांढऱ्या कागदावर दाबून उचलला की जो डाग राहतो तसा रंग ब्रशने काढता येत नाही. दुकानाची बिलं मात्र वापरू नका. तो उष्णतेने काळा होणारा कागद, काही महिन्यांत त्यावरचं सगळं उडून जातं, आणि त्याच्यावरची रसायनं मुलांच्या हाताला लागू नयेत.

मासिकाचं गुळगुळीत पान फाडलं की एका तुकड्याच्या काठाला पांढरी किनार येते आणि दुसऱ्याला येत नाही. कात्रीने ही किनार कधीच मिळत नाही. तलावाचं पाणी करताना मी निळी पानं फक्त फाडते आणि पांढरी किनार असलेले तुकडे एकावर एक रचते. पाणी काठाला लागतं तिथली फेसाची रेघ आपोआप तयार होते. कात्री इमारतींसाठी ठेवावी. ताजुल मसाजिदचे मिनार फाडून होत नाहीत.

आता खळ. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढुरकेपणा जाऊन खळ अर्धपारदर्शक आणि चकचकीत झाली की उतरवायची. गार झाल्यावर फडक्यातून गाळली की ब्रशला गुठळी लागत नाही. फ्रीजमध्ये चार दिवस टिकते, भोपाळच्या पावसाळ्यात बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते. जुने जिल्दवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरात मुलं असतील तर अजिबात घालू नका. तुरटीही टाळावी, तिच्या आम्लाने कागद हळूहळू ठिसूळ होतो. पातळ कागदासाठी खळीसारखं काही नाही, कारण तुकडा सरकवायला वेळ मिळतो आणि चुकलाच तर ओला करून काढताही येतो. फेव्हिकॉल लवकर पकडतो आणि मग सोडत नाही. कापड, गोटा, दोरा, जाड पुठ्ठा यांच्यासाठी तोच घ्यावा, थोडं पाणी घालून.

कापड लावायचं असेल तर आधी त्याच्या पाठीला पातळ कागद डकवून वाळवा. मग ते कागदासारखं कापलं जातं आणि कडा उसवत नाहीत. चौक बाजारातून आणलेल्या गोट्याच्या कापलेल्या टोकांना फेव्हिकॉलचा एक ठिपका पुरतो. डाळी-तांदूळ चिकटवण्याचा शाळेतला प्रकार मला पसंत नाही. त्यांना पोरकिडे लागतात आणि मग शेजारच्या कागदालाही धोका. बिया हव्याच असतील तर गुलमोहराच्या किंवा चिंचेच्या घ्या, कडकडीत उन्हात वाळवून. जड वस्तू सगळ्यात शेवटी लावायच्या, कारण त्याआधी चित्र वजनाखाली वाळवायचं असतं. वर बटर पेपर आणि त्यावर जाडजूड पुस्तकं. मे महिन्यात एक रात्र पुरते, श्रावणात दोन-तीन दिवस लागतात आणि रोज बटर पेपर बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते.

भोपाळमध्ये राहून भूरीबाईंचं नाव न घेता या विषयावर बोलता येत नाही. झाबुआतल्या पिटोल गावची ही भिल्ल बाई भारत भवन या कलाकेंद्राचं बांधकाम चालू असताना तिथे मजुरी करत होती. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तिला चित्र काढायला सांगितलं. घरच्या भिंतीवर मातीच्या रंगांनी चालणारा हात कागदावर आला. १३ फेब्रुवारी १९८२ ला भारत भवन खुलं झालं, आणि २०२१ मध्ये भूरीबाईंना पद्मश्री मिळाली. पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांचा प्रवासही त्याच काळात भिंतीवरून कागदाकडे झाला. मी मुलांना ही चित्रं बघायला श्यामला हिल्सला घेऊन जाते, पण परत आल्यावर त्यांची नक्कल करू देत नाही. गोंड चित्रकारांच्या ठिपक्यारेघांच्या भरणीत प्रत्येकाची स्वतःची सही असते. बाजारात कप-बश्यांवर त्या ठिपक्यांची जी खिरापत वाटलेली दिसते, तिच्यात आपण भर घालू नये. त्या चित्रांतून घ्यायचं ते वेगळं. नवं साहित्य हातात आलं तेव्हा या कलाकारांनी आपल्या ओळखीचं जग सोडलं नाही. मुलांनीही आपल्या घरातलं, आपल्या गल्लीतलं जग घेऊन कागदापाशी बसावं.

मोठ्या माणसांना मी दोन जणांच्या गोष्टी सांगते. मेरी डेलनी नावाच्या इंग्रज बाईने अठराव्या शतकात, सत्तरी ओलांडल्यावर, रंगीत कागदाच्या बारीक कातरणांतून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं करायला घेतली. साधारण दहा वर्षांत जवळपास १००० फुलं झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नजर अधू झाली तेव्हाच तिने कात्री ठेवली. दुसरी गोष्ट शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची. १९५० च्या दशकात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि तरी त्यांनी रंगीत कागद कापून माणसांची, बैठकीची सुंदर कोलाज केली. आकार बोटांना ठाऊक होते, रंग आठवणीत होते. सत्यजित राय हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी १९७२ मध्ये विनोदबिहारींवर माहितीपट केला.

आमच्या गटातल्या एका काकूंना मधुमेहाने आता नीट दिसत नाही. त्यांना रंगांचे कागद देणं मी थांबवलं आणि पोतांचे दिले. खोक्याचा नालीदार पुठ्ठा, सुताराचा काच पेपर, पत्रिकेवरची उठावदार नक्षी, जुन्या पैठणीची जीर्ण पट्टी. त्यांनी बोटांनी चाचपून किलाकोटाचा तट केला, लहानपणी देवासला मांडलेला. तो पुठ्ठा इतका उंचसखल झाला आहे की फ्रेमवाल्याला खोल चौकट करायला सांगावी लागली, काच आणि चित्र यांच्यात बोटभर अंतर ठेवून. हे अंतर साध्या कागदी कोलाजलाही ठेवावं, माउंटची पट्टी घालून, कारण काचेला टेकलेला कागद पावसाळ्यात काचेलाच चिकटून बसतो.