जाड वायर, मोठी ठिणगी?

"ही भारी प्लग-वायर घाला, ठिणगी जोरात पडेल, पेट्रोल वाचेल," असे मोटारसायकलीच्या दुकानात तुम्ही ऐकले असेल. पैसे मोजण्यापूर्वी ओहमचा नियम आठवा.

स्पार्क प्लगच्या टोकांमध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट असते. ती ओलांडायला सुमारे 10 ते 20 हजार व्होल्ट दाब लागतो. तो कॉइल पुरवते. ठिणगी उडेपर्यंत वायरीतून प्रवाह जवळजवळ नसतोच. मग तिच्या रोधात दाब खर्च कसा होणार? ठिणगी पडल्यावर प्रवाह 0.05 अँपिअर आणि रोध 5,000 ओहम धरा. गुणाकार येतो अवघा 250 व्होल्ट. थोडी ऊर्जा वाया जाते खरी. पण पेट्रोल व हवेचे योग्य मिश्रण एक मिलिजूलहून कमी ऊर्जेतही पेटते. चूल एका काडीने पेटवा की दोन, भाताला लाकडे तेवढीच लागतात!

हा रोध मुद्दामच ठेवतात. 1887 च्या सुमारास हर्ट्झने ठिणगीतूनच विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या होत्या. प्लगच्या ठिणगीतूनही त्या निघतात आणि रेडिओत खरखर होते. रोधामुळे ती कमी होते.

मात्र वायरीच्या आवरणाला चिरा पडल्या, तर गोंदिया जिल्ह्यातल्या भर पावसाळ्यात ओलाव्यातून वीज बाहेर निसटते आणि गाडी अडखळते. अंधारात वायरीवर निळसर ठिणग्या दिसतात. हात मुळीच लावू नका! अशी वायर जरूर बदला. पण गाडीला नेमून दिलेलीच, साधी वायर घ्या.