टोलीचे काम आणि वर्गातील चर्चा

शिक्षकांनी प्रश्न विचारला की वर्गात हात वर होतात ते बहुधा त्याच दोनचार मुलांचे. बाकीची मुले उत्तराची वाट पाहतात आणि ते वहीत उतरून घेतात. निरीक्षण आणि शंका हाच ज्या शास्त्राचा पाया, त्याचा तास असा मुकाट्याने जावा, ही खेदाची गोष्ट होय.

या बाबतीत मध्य प्रदेशात एक उल्लेखनीय उपक्रम झाला. १९७२ साली होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत ‘किशोर भारती’ व ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी विज्ञानशिक्षणाची नवी पद्धत सुरू केली. १९७८ मध्ये ती सबंध जिल्ह्यात पोहोचली. चार-चार मुलांच्या टोल्या स्वतः प्रयोग करीत. मग त्यांच्या निष्कर्षांवर सारा वर्ग मिळून चर्चा करी.

अशा तासाचे स्वरूप एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. दोऱ्याला दगड बांधून लंबक करावा. आधारापासून दगडाच्या मध्यापर्यंतचे अंतर १ मीटर असावे. एकाने लंबकास लहानसा झोका द्यावा, दुसऱ्याने झोके मोजावेत, तिसऱ्याने घड्याळ पाहावे, चौथ्याने नोंद करावी. जाऊन परत येणे म्हणजे एक झोका. अशा २० झोक्यांना सुमारे ४० सेकंद लागतात.

समजा, एका टोलीने ३८ सेकंद नोंदविले. शिक्षकांनी तो आकडा चूक म्हणून खोडला, तर चर्चा तेथेच संपते. परंतु सर्व टोल्यांचे आकडे फळ्यावर लिहून ‘हा फरक कशाने पडला असेल?’ असे विचारले, तर मुले एकमेकांची कृती तपासू लागतात. अखेर कोणाच्या तरी ध्यानात येते, की त्या टोलीने लंबक सोडतानाच ‘एक’ म्हटले होते. म्हणजे झोके वस्तुतः १९च झाले! वेगळा आकडा सांगणारे मूल येथे हास्यास्पद ठरत नाही. त्याच्यामुळेच सर्वांना शून्यापासून मोजण्याचे मर्म कळते.

पुढच्या खेपेस कामांची अदलाबदल करावी, म्हणजे अबोल मुलावरही मोजण्याची व सांगण्याची जबाबदारी येते. मग जड दगड बांधून वेळ बदलेल काय, याचा अंदाज प्रत्येकाने आधी लिहावा. लांबी तीच असेल तर वेळ बदलत नाही, हे पाहून पुष्कळांना नवल वाटेल.

होशंगाबादचा कार्यक्रम शासनाने २००२ मध्ये बंद केला. परंतु दोरा, दगड आणि ऐकून घेणारा शिक्षक कोणत्याही शाळेस दुर्लभ नाहीत.