पूर्वजांचें आतिथ्य

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला, कीं भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या घाटांवर सकाळीं वर्दळ वाढते. पवनीस उतरलेल्या परक्या प्रवाशास तेथें दर्भ, तीळ, पाण्याच्या ओंजळी आणि कावळ्यांसाठीं मांडलेलीं पानें दिसतात. डोळ्यांना दिसतें तें इतकेंच. परंतु या विधीचें मर्म कानांनीं ऐकावयाचें आहे. तर्पण करणारा पिता, पितामह व प्रपितामह यांचा नामगोत्रासह उच्चार करतो आणि प्रत्येक नांवापाठोपाठ पाणी सोडतो. नांवच ठाऊक नसेल, तर ती ओंजळ कोणाची?

मृतांचें स्मरण राखण्याची धडपड या भूमीस नवी नाहीं. याच जिल्ह्यांत पिंपळगांव येथें मोठमोठ्या शिळा रचून केलेलीं प्राचीन स्मारकें आढळलीं आहेत. तीं कोणाचीं, हें सांगणारें अक्षर त्यांवर नाहीं. पवनीस सांपडलेला एक शिलास्तंभ मात्र बोलतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या त्याच्या प्राकृत लेखांत महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचें नांव असून, स्तंभास 'छायाखंभ', म्हणजे स्मारकस्तंभ, म्हटलें आहे. राजकुळांस दगड लाभला. सामान्य कुळांना हें काम वाणीनेंच करावें लागलें.

पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास मेक्सिको देशांतही मृतांना असेंच घरीं बोलावतात. आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणांत मिरविणारा झेंडू मूळचा त्याच देशाचा. तेथें १ व २ नोव्हेंबर या दिवशीं त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे येणाऱ्यांस घर सांपडावें. पहिला दिवस बालकांचा, दुसरा प्रौढांचा. घरोघर वेदी मांडून तीवर गेलेल्यांचीं छायाचित्रें, पाणी, मीठ, मेणबत्त्या, खास भाजलेला पाव आणि ज्याच्या-त्याच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. पात्स्क्वारो सरोवरांतील हानीत्सिओ बेटावर कुटुंबें थडग्यांपाशीं रात्र जागवितात. युनेस्कोनें २००८ सालीं या प्रथेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. तेव्हां अशा ठिकाणीं जाणाऱ्या प्रवाशानें ती जत्रा समजूं नये. तेथें यजमान घरचे आणि पाहुणे मृत. प्रवासी हा केवळ साक्षी. कोणाच्याही थडग्याकडे वा घाटाकडे त्यानें तमाशाच्या नजरेनें पाहूं नये.

दोन्ही देशांत अन्न, पाणी व दिवा हीं साधनें सारखींच. तेथें चेहरा समोर ठेवतात, येथें नांव उच्चारतात, एवढाच भेद. आपल्या विधींत औदार्यही मोठें आहे: ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सर्वपित्री अमावास्या आहे, सौभाग्यावस्थेंत गेलेल्या स्त्रियांसाठीं अविधवा नवमी आहे, आणि ज्यांच्या कुळांत कोणी उरलें नाहीं त्यांनाही तर्पणांत पाणी मिळतें.

शहरांतील बिऱ्हाडांत घाट दूर असतो, कावळाही कित्येकदां येत नाहीं. त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु घरांतील मुलास पणजोबांचें नांव विचारावें आणि तो गप्प बसावा, तेथें मात्र दोरा तुटतो. आईच्या माहेरचीं, आजीपणजीचीं नांवें तर त्याहून लौकर पुसलीं जातात. यासाठीं यंदाच्या अमावास्येस वडील मंडळींनीं एक वही काढावी. दोन्ही कुळांतील नांवें, गांवें व आठवतील त्या चार गोष्टी मुलांच्याच हातून तींत लिहवून घ्याव्यात. स्तंभ उभारण्याइतकें सामर्थ्य सर्वांपाशीं नसतें. वही मात्र प्रत्येक घरीं असते.