बाईकच्या हँडलला मोबाईल लावताय? आधी कंपनांचं गणित समजून घ्या

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटलं की मोबाईल दुरुस्तीही येतेच, असा लोकांचा समज असतो. त्यामुळे एक तक्रार माझ्याकडे वारंवार येते: "फोन पडला नाही, पाण्यात गेला नाही, तरी कॅमेऱ्यात चित्र थरथरतंय, फोकसच होत नाही." मी आधी एकच प्रश्न विचारतो, "बाईकच्या हँडलला लावतोस का?" बऱ्याचदा उत्तर "हो" असतं.

असं का होतं, ते बघू.

कॅमेऱ्याच्या आत काय असतं?

फोनमध्ये ओआयएस असेल, तर त्याची लेन्स घट्ट बसवलेली नसते. ती बारीक स्प्रिंग किंवा तारांवर तरंगती ठेवलेली असते. हात हलला की जायरोस्कोप ते ओळखतो आणि चुंबक व कॉइल लेन्सला उलट दिशेला सरकवतात. म्हणून फोटो स्थिर येतो. काही फोनमध्ये लेन्सऐवजी सेन्सर हलतो. हाताच्या हलक्या थरथरीसाठी हे उत्तम आहे, पण इंजिनची गोष्ट वेगळी.

इंजिन किती जोरात हलवतं?

इंजिन ३००० आरपीएमवर आहे, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या, सेकंदाला ५०. एका सिलिंडरच्या बाईकमध्ये प्रत्येक फेरीला पिस्टन एकदा वर-खाली होतो आणि गाडीला हिसका देतो. म्हणजे कंपनांची वारंवारता झाली ५० हर्ट्झ.

आता समजा, हँडल दोन्ही बाजूंना फक्त अर्धा मिलिमीटर हलतंय. या अंतराला आयाम म्हणतात. वाटतं, एवढ्याने काय होणार? पण गणित केलं तर फोनला बसणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५ पट येतं! कारण त्वरण वारंवारतेच्या वर्गाने वाढतं. आयाम तोच ठेवून ६००० आरपीएमवर गेलात, तर ते चौपट, म्हणजे सुमारे २० पट. आणि हे सेकंदाला १०० वेळा, तासभर.

खरा व्हिलन: अनुस्पंदन

झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा धक्का देत राहिलं, तरी झोका उंच जातो. प्रत्येक झुलणाऱ्या वस्तूची स्वतःची एक वारंवारता असते. बाहेरचे धक्के त्याच तालात आले की आयाम वाढत जातो. यालाच रेझोनन्स किंवा अनुस्पंदन म्हणतात.

बाईकवर हे तुम्ही पाहिलंय. ठराविक स्पीडला आरसा इतका थरथरतो की मागचं काही दिसत नाही. थोडा स्पीड वाढवला की पुन्हा शांत. होल्डरच्या दांडीचंही तसंच. आणि स्प्रिंगवरची लेन्स तरी वेगळी कशी असेल?

ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये याबद्दल जाहीर सूचना दिली होती: जास्त ताकदीच्या बाईकवर आयफोन लावू नका, स्कूटर किंवा मोपेडवर लावायचाच असेल, तर कंपन शोषणारा होल्डर घ्या आणि रोज तासन्‌तास वापरू नका. पण हे फिजिक्स आहे, ब्रँड बघत नाही. ओआयएस असलेल्या अँड्रॉइड फोनलाही ते लागू आहे.

मग करायचं काय?

- रबराचा डॅम्पर असलेला होल्डर घ्या. एक अट मात्र आहे: इंजिनची वारंवारता डॅम्परच्या स्वतःच्या वारंवारतेच्या साधारण १.४ पटीपेक्षा जास्त असेल, तरच कंपन कमी होतं. त्याखाली उलट वाढू शकतं! म्हणून रबर मऊ हवं, दगडासारखं कडक नको.
- दिवसभर डिलिव्हरी करत असाल, तर मॅपसाठी ओआयएस नसलेला जुना फोन वापरा.
- मी स्वतः फोन जॅकेटच्या खिशात ठेवतो. शरीरासारखा डॅम्पर नाही! रस्ता बघायचा असेल तर गाडी बाजूला घेतो.

आणि हो, फोन हलवल्यावर आतून बारीक टकटक ऐकू आली तर घाबरू नका. कॅमेरा बंद असताना ओआयएसची लेन्स मोकळी असते, त्यामुळे बऱ्याच फोनमध्ये ते नॉर्मल आहे. कॅमेरा चालू असताना चित्र थरथरायला लागलं, तर मात्र होल्डर आजच काढा.