छायाचित्रातले हसू कधी आले?

जुन्या घरांच्या भिंतींवर टांगलेल्या पणजोबांच्या छायाचित्रांत हसू क्वचितच दिसते. ताठ मान, रोखलेली नजर, मिटलेले ओठ. ती पिढी कठोर, कदाचित दुःखीही असावी, असा समज आपण त्यावरून करून घेतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

या गांभीर्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण तांत्रिक आहे. फ्रान्समधील लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावीत. हसू इतका वेळ टिकणे अशक्यच. परंतु १८५१ मध्ये ओल्या काचपट्टीची पद्धत आली आणि हा अवधी काही सेकंदांवर उतरला. तरीही पुढची कित्येक वर्षे माणसे कॅमेऱ्यासमोर गंभीरच राहिली. दोष एकट्या यंत्राचा नव्हता.

छायाचित्राने आपले शिष्टाचार तैलचित्राकडून घेतले होते आणि तेथे दात दाखवून हसणे असभ्य मानले जाई. शिवाय छायाचित्र महाग होते. मागे एकच चित्र राहणार असेल, तर त्यात क्षणिक भाव कशाला, प्रतिष्ठाच दिसावी, असा तो विचार होता.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ मध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तिघींपैकी कोणीही हसत नाही. पुढच्याच वर्षी आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या चेहऱ्यावरून त्यांचा स्वभाव ठरविणे अन्यायाचे होईल.

हसू आले ते स्वस्त कॅमेऱ्याबरोबर. कोडॅक कंपनीने १९०० मध्ये ‘ब्राउनी’ हा कॅमेरा एक डॉलरला विक्रीस आणला. छायाचित्रकार आता घरातलाच कोणी असे, आणि जाहिराती सहली व मुलांचे खेळ टिपायला सांगत. अमेरिकी शाळांच्या वार्षिकांतील सुमारे ३८ हजार छायाचित्रांचा संगणकाद्वारे अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकात हास्य उत्तरोत्तर रुंदावत गेल्याचे त्यात आढळले.

आपल्याकडे स्टुडिओतल्या ‘स्माइल प्लीज’ने तेच काम केले. मात्र फ्रेंच वैद्य दुशेन यांनी १८६२ मध्येच दाखवून दिले होते, की मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात आणि ते आज्ञेने सहसा हलत नाहीत. तेव्हा अल्बममधील बरेचसे हसू हे आज्ञापालनच म्हणायचे!

चित्रांची संख्या वाढली म्हणून आठवणी वाढतात असेही नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संग्रहालयातील ज्या वस्तूंची संपूर्ण छायाचित्रे घेतली, त्या वस्तू केवळ पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. एखाद्या बारकाव्यावर कॅमेरा रोखला, तेव्हा मात्र स्मरणात अशी घट झाली नाही.

जुन्या छायाचित्रांमागे कोणीतरी शाईने नावे आणि साल लिहून ठेवीत असे. चेहरा हसरा असो वा गंभीर, तो कोणाचा हे त्या ओळीवरून कळे. मोबाईलमधल्या हजारो हसऱ्या चेहऱ्यांमागे ती ओळ बहुधा नसते.